शिक्षकांची मधली सुट्टी जाते कुठे?

सर, 'शिक्षकांना सुट्ट्याच फार' असा सूर असलेला वाचकाचा अभिप्राय तुमच्या अंकात वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मे महिन्याची सुट्टी सगळ्यांना दिसते, पण इतर सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला 30 दिवस अर्जित रजा मिळते, तशी शिक्षकांना मिळत नाही हे कोणी सांगतच नाही. बरं ते सोडा, माझा मुद्दा रोजच्या विश्रांतीचा आहे. माझी जाऊ झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेत आहे, म्हणजे दोघांत चार वर्ग, तिथे ऑफ तास कुठून येणार? मधल्या सुट्टीत खिचडीची चव घ्या, मुलांना रांगेत बसवा, वाढपावर लक्ष ठेवा, मग पोषण आहाराची माहिती मोबाईलवर भरा (नेटवर्क असलं तर), तेवढ्यात घंटा होते आणि हिचा डबा तसाच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवड्याला 45 तास धरलेत, त्यात पाठाची तयारीसुद्धा धरलीय, पण शाळेत तयारीला वेळच मिळत नाही म्हणून ती रात्री घरी होते. त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं आहे, तरी ऑनलाइन माहित्या काही थांबत नाहीत. सलग पाच-सहा तास बोलून घसा बसलेल्या, उपाशी बाईंनी शेवटच्या तासाला गणित नीट शिकवावं ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? निदान छोट्या शाळांत जेवणावर देखरेख आणि माहिती भरायला एक अर्धवेळ माणूस द्या.

– एक पालक, सातारा