रविवारची बैठक : ताराबाई वाचूनच या

मैत्रिणींनो,
येत्या रविवारी दुपारी ४ वाजता, सात रस्त्याजवळच्या नेहमीच्या जागी. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ वाचून यायचं आहे, ही पुन्हा आठवण. पुस्तक छोटं आहे, भाषा जुनी. मोठ्यानं वाचलं की बरोबर उलगडते.

सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून समस्त बायकांना नावं ठेवली गेली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई पेटून उठल्या आणि त्यांनी हे पुस्तक लिहिलं. साल १८८२! बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग विधवेनंच का जन्म जाळायचा, हा त्यांचा रोखठोक सवाल. मागच्या वेळी तेवढं पान वाचलं, तेव्हा मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आपल्या ताईंचा हात थांबला होता. मला ते विसरता येत नाही.

बरोबर शंभर वर्षांनी ‘उंबरठा’ हा चित्रपट आला. नोकरीसाठी घराबाहेर पडलेली स्मिता पाटीलची सुलभा परत येते, तर घरात तिची जागाच उरलेली नसते. जमल्यास तोही बघून या; त्यावर मला भरपूर बोलायचं आहे.

झेरॉक्स प्रती माझ्याकडे आहेत, शुक्रवारपर्यंत घेऊन जा. वाचता न येणाऱ्या सासूबाई, आई यांनाही आणा, आपण वाचून दाखवू. मुलं सोबत चालतील.