वहीतल्या त्या ओळीबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मोठा करून वाचला. ७.१० ला घरट्यातून मादी उडाली, ७.५० पर्यंत परतली नाही, पिल्लं चोची उघडून बसलेली. इथवर अक्षर नीट. खाली मात्र घाईघाईत: ‘आईने पिल्लांना टाकलं.’

त्या ओळीपाशी मी अडले. टाकलेलं तुला दिसलं नाही, बाळ. चाळीस मिनिटं मादी नसलेलं घरटं दिसलं. पुढचा अर्थ तू लावलास. आणि तू घरट्यापासून किती अंतरावर होतीस, हे पानावर कुठेच नाही. तुझ्या भीतीनेच ती परतत नसली तर? मग एका आईवर आपण केवढा आळ घेतला!

लांडग्यांवर असाच आळ आला होता. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. कोंडलेल्या जनावरांतली ती चढाओढ लांडग्याचा स्वभाव ठरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून ‘अल्फा’, म्हणजे लढून कळपाचा म्होरक्या झालेला लांडगा, घरोघरी पोचला आणि माणसं आपल्या अरेरावीला निसर्गाचा दाखला देऊ लागली. रानातला कळप बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं एवढाच असतो. हे १९९९ मध्ये मांडलं ते मेक यांनीच, कॅनडाच्या उत्तरेकडल्या एल्समिअर बेटावर १३ उन्हाळे लांडगे पाहून. स्वतःचंच गाजलेलं म्हणणं मागे घ्यायला किती बळ लागत असेल! मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेले डॉक्टर जॉर्ज मरी लेविक यांनी १९११-१२ मध्ये तिथल्या केप अडेरला ॲडेली जातीचे पेंग्विन पाहिले. नरांच्या कामवर्तनाची त्यांना इतकी किळस आली की काही नोंदी त्यांनी ग्रीक लिपीत केल्या. तो भाग मोहिमेच्या अधिकृत अहवालात आलाच नाही. १०० प्रती खासगीत फिरल्या आणि २०१२ मध्ये कुठे तो सर्वांसमोर आला. पक्ष्यांना दुराचारी ठरवणं मला पटत नाही. पण किळस येऊनही त्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं, हे मोलाचं.

म्हणून ती ओळ खोडरबराने पुसू नकोस. तिच्यावर एक रेघ मार, शेजारी ‘माझा अंदाज’ लिही, तारीख घाल. घरट्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून टाक. उद्या बरीच लांब बस, दुर्बीण घेऊन, आणि मादी आली का ते लगेच कळव. पिल्लांचा घोर मलाही लागलाय.

तुझी,
आई