‘निअर मिंट’ (जवळपास नव्यासारखी) म्हणून आलेली पोचा पडलेली रेकॉर्ड: परताव्यासाठी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: चार जुन्या एलपी रेकॉर्डपैकी एक खराब आणि एक वर्णनापेक्षा वेगळी आल्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या साइटवरून मी चार जुन्या एलपी मागवल्या होत्या: मडी वॉटर्सची ‘फोक सिंगर’, बॉब मार्लीच्या वेलर्स बँडची ‘कॅच अ फायर’, रोलिंग स्टोन्सची ‘स्टिकी फिंगर्स’ आणि जॉनी कॅशची ‘अ‍ॅट फोल्सम प्रिझन’. म्हणजे ब्लूज, रेगे, रॉक आणि कंट्री, प्रत्येकी एक. आम्हा मित्रांची महिन्यातून एकदा बैठक असते. ज्याची पाळी त्याने आपल्या आवडीच्या रेकॉर्ड आणायच्या, बाकीच्यांनी नाकं न मुरडता ऐकायच्या. (एरवी आमची भांडणं भीमसेन की कुमार यावरून असतात, ते असो.) या वेळी पाळी माझी होती आणि चारपैकी दोनच रेकॉर्ड धड निघाल्या.

‘फोक सिंगर’पासून सुरुवात करतो, कारण खरा जीव तिच्यात अडकला होता. एरवी इलेक्ट्रिक गिटार घेऊन शिकागो दणाणून सोडणारा मडी वॉटर्स १९६४ सालच्या या रेकॉर्डवर साधी गिटार घेऊन बसलाय, सोबतीला गिटारवर तरुण बडी गाय आणि बासवर विली डिक्सन. इतकी कमी वाद्यं, की दोन ओळींमधली शांतताही ऐकू येते. अशा रेकॉर्डवर तुमच्याकडून आलेला पोचा बसला आहे. सुई तिथे आली की ‘टक्’, आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला हा टक् दर १.८ सेकंदांनी येतो. रॉकच्या गदारोळात एखाद्या वेळी खपलाही असता. इथे गाण्याच्या बरोबरीने ताल धरतो.

हा पोचा कुठून आला तेही सांगतो. ‘स्टिकी फिंगर्स’च्या १९७१च्या मूळ कव्हरवर जीन्सच्या फोटोत खरीखुरी धातूची चेन (झिप) बसवलेली आहे, कल्पना अँडी वॉरहॉलची. ती रेकॉर्ड पहिल्यांदा बाजारात आली तेव्हाच गठ्ठ्यात रचलेल्या रेकॉर्डना या चेनने खळ्या पाडल्या होत्या. त्यावर कंपनीने तोडगा काढला: चेन अर्ध्यापर्यंत उघडून पाठवायची, म्हणजे चेनचा सरकणारा रनर मधल्या लेबलावर येतो आणि खाचांना धक्का लागत नाही. जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. तुमच्या खोक्यात चेन पार वरपर्यंत लावलेली, तिला चिकटून ‘फोक सिंगर’ आणि मध्ये साधा पुठ्ठासुद्धा नाही. बबल रॅपचे वेढे मात्र बाहेरून भरपूर. ‘फोक सिंगर’च्या कव्हरवर त्याच जागी रनरचा ठसा उमटलाय, फोटो सोबत जोडला आहे.

असं असताना तुमचं उत्तर आलं की ‘व्हिंटेज वस्तूंमध्ये किरकोळ दोष असतातच’. वयामुळे रेकॉर्डवर खरखर येते, कव्हरच्या कडा पिवळ्या पडतात, हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही. पण हा पोचा वयाचा नाही, पॅकिंगचा आहे. शिवाय साइटवर तुम्हीच तिला ‘निअर मिंट’ म्हटलं होतं. वर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही म्हणून तक्रार ग्राह्य नाही, हे तर अजबच. घरी आलेला खोका उघडताना कॅमेरा कोण लावून बसतं?

आता ‘कॅच अ फायर’. तुमच्या जाहिरातीतल्या फोटोत १९७३चं पहिलं कव्हर होतं: सिगारेट लायटरच्या आकाराचं, ज्याचं झाकण खरोखर उघडतं. अशी कव्हरं थोडीच निघाली, म्हणून तर त्यांना एवढी किंमत. माझ्या हातात पडलं ते नंतरचं कव्हर, तोंडात गांजाची जाडजूड विडी असलेल्या बॉब मार्लीच्या फोटोचं. (ते दिवाणखान्यात मांडल्यावर सासूबाई काय म्हणतील हा माझा प्रश्न, तुमचा नाही.) पहिल्या कव्हरवर नाव फक्त ‘द वेलर्स’ असं आहे, यावर ‘बॉब मार्ली अँड द वेलर्स’. गाणी तीच आहेत हे मलाही कळतं. पण पैसे लायटरच्या कव्हरचे घेतलेत, तेव्हा माल तोच हवा.

फोल्समच्या तुरुंगात १३ जानेवारी १९६८ला ध्वनिमुद्रित झालेली जॉनी कॅशची रेकॉर्ड अगदी उत्तम आहे, कैद्यांचा गलका आणि टाळ्यांसकट. ती आणि ‘स्टिकी फिंगर्स’ मी ठेवून घेत आहे.

उरलेल्या दोन्ही तुमच्या खर्चाने परत न्याव्यात आणि त्यांचे पूर्ण पैसे, डिलिव्हरीच्या आकारासह, माझ्या खात्यात जमा करावेत. बदली रेकॉर्ड किंवा कूपन नको. ई-कॉमर्सच्या २०२० सालच्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तुमचं वरचं उत्तर आलं, पण माझ्या पहिल्या ईमेलची रीतसर पोच अजून आलेली नाही. महिन्याभरात पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन.

दोन्ही रेकॉर्ड मी उभ्या ठेवल्या आहेत. नेणाऱ्या मुलाला संध्याकाळी सहानंतर पाठवा, आणि सोबत रेकॉर्डच्या मापाचा कडक खोका द्या. तुमचा जुना खोका कोपऱ्यांवर फाटलेला आहे.

कळावे,
आपला ग्राहक
पुणे

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, फोटो