कॉटर बसवून देणाऱ्या त्या दोघांना

जुन्या स्टीलच्या सायकली घेऊन निघालेल्या आमच्या गटाला चढावर मदत करणाऱ्या दोन अनोळखी सायकलस्वारांचे मनापासून आभार.

डाव्या क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, कॉटर पिन झिजली होती; क्रँक आसावर घट्ट धरणारी ही पाचरीसारखी खीळ. पॅडलच्या दर फेऱ्याला टक् आवाज आणि पायाखाली हिसका. अशा वेळी नट आवळून काही होत नाही. क्रँक पकडून ठेवते ती पिनची उतरती सपाट बाजू; नट फक्त पिन निसटू देत नाही. तसंच रेटलं तर क्रँकचं भोक लांबट होतं आणि मग नवी पिनही टिकत नाही.

त्यांच्याकडे 9.5 मि.मी.ची सुटी पिन निघाली. जुनी काढताना त्यांनी नट पेचाच्या टोकापर्यंतच सैल केला, म्हणजे ठोका बसूनही आटे वाचतात. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू दिला, कारण नाहीतर मार थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो. नवी पिन उजवीच्या उलट दिशेने घालायची, हेही त्यांनी दाखवलं. सपाट बाजू कानशीने जरा घासायची, घालून बघायची, पुन्हा घासायची. दोन्ही क्रँक एका रेषेत येईपर्यंत हे चाललं, तेही उन्हात आणि न कंटाळता!

“चालवताना पिन अजून आत बसेल, म्हणून थोडं चालवून झालं की नट परत आवळा,” असं सांगून त्यांनी स्वतःचा पाना आम्हाला दिला आणि निघाले. पाना जपून ठेवलाय. तुमचाच आहे, हक्काने मागा.