गणिताच्या जादा तासाला जागा आधी राखा

महोदय,

गणितात मागे पडलेल्या मुलांसाठीचे जादा वर्ग बहुतेक वेळा वेळापत्रकातच फसतात. बाकी सगळ्या तासिका लागल्या की उरलेल्या फटीत हा वर्ग बसवतात. शाळा सुटल्यावर ठेवला तर दमलेली मुले गळतात, खेळाच्या तासाला ठेवला तर त्यांना ती शिक्षा वाटते. गणिताच्याच तासातून मुले उठवणे सर्वांत वाईट, कारण मागचे भरून निघण्याआधी चालू धडाही बुडतो.

म्हणून हीच तासिका आधी लावावी. एका इयत्तेच्या सर्व तुकड्यांना एकाच वेळी सरावाचा तास द्यावा. त्या वेळात कुठेही नवा धडा नको, म्हणजे मदत हवी असलेली मुले काही न गमावता छोट्या गटात बसू शकतात. आठवड्यातून चार दिवस ३० ते ४० मिनिटे आणि गटात चार-पाच मुले पुरेत. तेवढाच वेळ शनिवारी एकदम दिला, तर पुढच्या शनिवारपर्यंत बरेच विसरलेले असते.

गट मात्र गुणांवरून पाडू नयेत. ४०३ − २६८ हे एकच उदाहरण पाहा. एक मूल २६५ लिहिते: ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. दुसरे ४५ लिहिते: त्याला हातचा घेता येतो, पण शतक मोडून ते थेट एककाला दहा देते आणि दशकासाठी दुसरे शतक मोडते. दोघांनाही शून्य गुण, पण शिकवायचे वेगवेगळे. दुसऱ्याला काड्यांचे गठ्ठे सोडून शंभराचे दहा दशक करायला लावले की चूक त्याची त्यालाच दिसते. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणाऱ्या मुलाची अडचण आणखी निराळी; आपल्या संख्यानावांत एकक आधी येतो, हे त्याला उघड सांगावे लागते. त्यामुळे लेखी चाचणीनंतर प्रत्येक मुलाला पाच मिनिटे ‘हे कसे केलेस?’ असे विचारणे टाळता येणार नाही.

तासाची पहिली पाच मिनिटे बेरजा-पाढ्यांची उजळणी, मधला वेळ एकाच संकल्पनेला, शेवटी मिश्र उदाहरणे. दर आठवड्याला दोन मिनिटांची चाचणी घ्यावी. सलग चार वेळा प्रगती अपेक्षेपेक्षा कमी दिसली, तर पद्धत बदलावी. तीच उदाहरणे वाढवू नयेत.

आणि हा जादा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला गैरहजर शिक्षकाच्या बदली तासावर पाठवू नये. बारा आठवड्यांचे ४८ तास कागदावर असतात. परीक्षा, स्नेहसंमेलन आणि बदली तास त्यातले किती खातात, हे मुख्याध्यापकांनी दर महिन्याला मोजावे आणि बुडालेले तास पुढे भरून द्यावेत.

– गणिताचे काही शिक्षक