पॅनेलवर कोण आहे, एवढं तरी कळू द्या: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार

महोदय,

मी एका दिवंगत हवालदाराची मुलगी. ईसीएचएस ही माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची आरोग्य योजना. आईचं त्या योजनेचं कार्ड घेऊन तिच्या पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे दवाखान्याच्या, रांगेत आता मी उभी राहते. तिथे एक प्रश्न सतत कानावर पडतो, ‘‘अमुक हॉस्पिटल पॅनेलवर आहे का?’’ पॅनेलवर म्हणजे योजनेशी करार असलेलं. खात्रीनं सांगणारं कुणी भेटत नाही. हे पत्र त्याच प्रश्नासाठी आहे.

१ एप्रिल २००३ ला ही योजना सुरू झाली. आज देशभरात चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत, औषधं मिळतात, मोठी शस्त्रक्रियाही कॅशलेस होते. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आम्हाला कर्ज काढावं लागलं नाही ते या योजनेमुळेच. अडचण येते ती पॉलिक्लिनिकमधून रेफरल, म्हणजे हॉस्पिटलात पाठवण्याची चिठ्ठी, घेऊन बाहेर पडल्यावर.

पॉलिक्लिनिकचे डॉक्टर रेफरल देतात आणि पॅनेलवरच्या हॉस्पिटलांपैकी कुठे जायचं ते रुग्णानं ठरवायचं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे, रुग्णाला कुणी ठरावीक दारात ढकलू नये. पण त्यानं ठरवायचं कशाच्या भरवशावर? संकेतस्थळावर यादी असते, पण ती इंग्रजीत. एखादं हॉस्पिटल हृदयविकारासाठी पॅनेलवर असतं, मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी नसतं. कुणाचा करार संपत आलेला असतो. कुणी बिलं थकली म्हणून नवे रुग्ण घेणं बंद केलेलं असतं, यादीतलं नाव मात्र तसंच राहतं. आईला घेऊन आम्ही अशाच एका हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा काउंटरवर उत्तर मिळालं, ‘‘सध्या ईसीएचएस घेत नाही.’’ बसायला खुर्ची मागावी लागली. तेवढा एक फोन आधी कुणी केला असता तर तिचा तो प्रवास वाचला असता.

तातडीच्या वेळी तर चुकीच्या माहितीची किंमत रोख मोजावी लागते. पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात दाखल केलं तर दोन दिवसांत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. बिल आधी आपण भरायचं, परतावा मिळतो तो सरकारी दरानं. वरचा फरक घरच्यांच्या माथी. रात्री पळापळ करणाऱ्या कुटुंबाला जवळचं पॅनेलवरचं हॉस्पिटल ठाऊक असतं, तर ही वेळ आलीच नसती.

आणि हे सगळं शोधायचं कुणी? जवानानं युनिटमध्ये अर्ज केलेले असतात, फॉर्म भरलेले असतात, हिंदीत बोलायची सवय असते. त्याची बायको तेवढी सगळी वर्षं गावात सासू-सासरे, शेती आणि मुलांच्या शाळा सांभाळत असते. तो गेल्यावर कार्ड तिच्या हातात येतं, त्यामागची माहिती येत नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या कित्येक गावांत घरटी एक फौजी आहे. तिथल्या या बायका ‘‘पोराला सुट्टी मिळाली की बघू’’ म्हणत दुखणं अंगावर काढतात. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

महोदय, मी नवीन निधी मागत नाही. हॉस्पिटलांची बिलं आधीच ऑनलाइन जातात, म्हणजे कोण रुग्ण घेतंय आणि कोण थांबलंय हे आपल्या यंत्रणेला दिसतंच. तेच आम्हालाही दिसू द्या. जिल्हा टाकला की कुठल्या आजारासाठी कुठलं हॉस्पिटल, करार कधीपर्यंत, सध्या रुग्ण घेतात की नाही, हे फोनवर मराठीत यावं. पूर्वसूचना न देता कॅशलेस बंद करायला हॉस्पिटलांना मनाई असावी. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी रेफरलच्या कागदामागेच त्या आजारासाठीची चालू हॉस्पिटलं आणि तिथल्या ईसीएचएस काउंटरचे नंबर छापून द्यावेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दर महिन्याला ताजी यादी लागावी. वीरपत्नी आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये एक माणूस नेमावा, जो त्यांच्यासमोर हॉस्पिटलला फोन लावेल आणि ‘‘या, घेतो’’ असं ऐकल्यावरच त्यांना गाडीत बसवेल.

यातलं रेफरलच्या मागे छापण्याचं काम तर एका आदेशानं सुरू होऊ शकतं. तो आदेश आपण काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एका दिवंगत हवालदाराची मुलगी