नीताच्या आजाराविषयी, वंदनास

प्रिय वंदना,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक, माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो एवढेच. आजचे पत्र तुलाच लिहिता येण्याजोगे आहे. आपल्या नीताला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले आहे; शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावर, मायलिनवर, हल्ला करतात तो आजार.

तेव्हापासून मी ईएईवरचे, म्हणजे प्राण्यांमध्ये मुद्दाम घडवलेल्या तशाच आजारावरचे, जुने शोधनिबंध काढून बसले आहे. 1981 साली बेन-नून, वेकर्ले आणि कोहेन यांनी मायलिनमधील एका प्रथिनाला ओळखणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) वाढवून निरोगी उंदरांना टोचल्या आणि मेंदूला हातही न लावता त्यांना पक्षाघात झाला. आधी शेपटी लुळी पडते, मग मागचे पाय ओढले जातात. ते पाहून तू प्रयोगशाळेतून तडक निघून गेलीस आणि त्यावरून आपले किती कडाक्याचे भांडण झाले! प्राण्यांवर असे प्रयोग नकोत हे तुझे म्हणणे मला आजही पटत नाही, कारण 1992 साली उंदरांमध्येच दिसले की या पेशींच्या पृष्ठभागावरील अल्फा-4 इंटिग्रिन हे रक्तवाहिनीला चिकटवणारे प्रथिन प्रतिपिंडाने झाकले, तर त्या मेंदूत शिरू शकत नाहीत. त्यातूनच आलेले नॅटालिझुमॅब हे औषध नीताला द्यावे का, याचा विचार डॉक्टर करत आहेत.

मला छळतो तो प्रश्न असा, की अशा पेशी निरोगी माणसांच्या रक्तातही असतात, मग त्या नीतामध्येच का पेटल्या? उंदरांत त्या आधी फुफ्फुसात थांबून स्थलांतरासाठी सज्ज होतात, असे 2012 साली दिसले. पुढे मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून त्या बहुधा रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने सरपटतात, बाहेर पडतात आणि तिथल्या भक्षक पेशींनी मायलिनचे तुकडे पुढे धरले की ते ओळखून चेततात व दाह सुरू होतो. हे नीताला सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "म्हणजे माझ्याच पेशी, प्रवाहाविरुद्धच जाणार!" तिला तू ओळखतेसच.

पण ज्या वाटेने शत्रू येतो त्याच वाटेने विषाणूंना रोखणारे पहारेकरीही येतात. ती वाट औषधाने अडवली की शरीरात सुप्त पडलेला जेसी नावाचा विषाणू मेंदूत उफाळण्याचा धोका असतो, आणि तिच्या जेसी चाचणीचा अहवाल अजून यायचा आहे. मला झोप नाही ती यामुळे.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिन्मयला आशीर्वाद. नीताला सकाळीच फोन कर, दुपारनंतर ती फार थकते. आणि अहवालाविषयी तू होऊन विचारू नकोस.

तुझी,
माधवी